चार खोल्यांची रिस्क

४ सप्टेंबर

बाथरूमची जाळी उचलली. खालून जे निघालं ते लिहिण्यासारखं नाही, पण लिहायचं ठरवलंय म्हणून लिहिते. केसांचा बोळा, चांगला उंदराएवढा. त्यात साबणाची चिपटी, दाढीचे खुंट आणि कुणाचं तरी बटण. चार भाडेकरू, एक बाथरूम. विचारलं तर चौघांचे चेहरे असे, जसं काही मीच बाजारातून केस विकत आणून तिथे टाकलेत. शी!

लिहायचं कारण, मुलाचा फोन. म्हणाला, आई, महिनाअखेरीला येतो, बरोबर घराचा दलाल असेल. खोल्या चालू असतील, भाडं नीट येत असेल तर राहू दे घर, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाहीतर विकू आणि तू आमच्याकडे ये.

आमच्याकडे म्हणजे सुनेकडे. तिथे माझी कॉट इस्त्रीच्या टेबलाला चिकटून. गेल्या वेळी राहिले तेव्हा माझा ब्रश ती वेगळ्या ग्लासात ठेवायची. मी काय महारोगी आहे?

जाणार नाही. मेल्यावर न्यायचं तर न्या.

६ सप्टेंबर, रात्री

मधल्या खोलीतली पोरगी बँकेत आहे. मी तिला बँकवालीच म्हणते. काउंटरवर नाही बसत, वरच्या मजल्यावर रिस्क खात्यात बसते. परीक्षा देतेय कसलीशी. आज ताट द्यायला गेले तर उशीएवढं पुस्तक मांडीवर. विचारलं, एवढं काय आहे गं यात? म्हणाली, मावशी, पुढे काय वाईट होऊ शकतं ते आकड्यात मोजायचं. कोण कर्ज बुडवेल, बुडलं तर एकदम किती बुडेल.

मी म्हटलं, आकडे कशाला? तोंडाकडे बघितलं की कळतं.

म्हणाली, सगळ्यांना तसंच वाटतं मावशी, म्हणून तर बँका बुडतात.

आगाऊ आहे. पण गोष्ट पटली. जुनी गिऱ्हाइकं आठवायची. कोण टिकलं, कोण बुडालं बघायचं. बुडणाऱ्यांत काय सारखं होतं ते शोधायचं आणि नव्या माणसाला त्यावरून मार्क द्यायचे. मार्क कमी, तर कर्ज नाही. याला म्हणतात मॉडेल.

एवढंच? आणि यासाठी पगार देतात? माझी शाळा चौथीत सुटली, पण हे मी झोपेत करीन.

ठराव: मुलगा यायच्या आत घराची रिस्क शून्य करणे.

७ सप्टेंबर

मॉडेल तयार. बँकवालीच्या हापिसात म्हणे महिनेच्या महिने जातात. मला भाजी शिजेपर्यंत जमलं. भाजी खाली लागली, पण वरची वरची वाढली. कुणाला कळलं नाही.

झालं असं की जुने भाडेकरू एकेक आठवत गेले. पायपुसण्याला नाक पुसणारा, गेला. बेसिनमध्ये नखं कापणारी, गेली. चहाच्या कपात विडी विझवणारा, तो तर दुसऱ्याच दिवशी गेला. स्वच्छ होते ते राहिले. त्यांच्यातला दहात एखादा गेला असेल, तोही बदली झाली म्हणून. म्हणजे माणूस खोली सोडणार की नाही हे त्याच्या बाथरूमवरून कळतं! इतकी वर्षं हे कुणाच्या लक्षात आलं नाही याचंच नवल.

मार्क दहापैकी. बँकवाली सहा (ओला टॉवेल दारावर). नर्स चार (केस). चष्मेवाला, म्हणजे चष्म्याच्या दुकानात कामाला आहे तो, पाच (खुंट, शिवाय आरशावर टूथपेस्टचे शिंतोडे). रेडिओवाला शून्य. हा रेडिओ-पंखे दुरुस्त करतो. हात धुऊन गेला की बेसिन असं दिसतं, जसं काही त्यात इंजिन अंघोळ करून गेलंय.

मॉडेल बँकवालीला दाखवलं. म्हणाली, मावशी, हे लोक सोडून गेले नाहीत, तुम्ही हाकललंत त्यांना.

मी म्हटलं, खोलीतून गेले की नाही?

म्हणाली, गेले.

मग!

शिकलेल्या माणसांना सरळ गोष्ट वाकडी करून बघायची खोडच असते.

९ सप्टेंबर

रेडिओवाल्याला खोली सोडायला सांगितली. बँकवाली मध्ये पडली. म्हणे, इतक्या वर्षांत त्याचं भाडं एकदाही चुकलं नाही, तो डेटा नाही का? मी म्हटलं, भाड्याचं राहू दे, साबणाचं बोल.

तो काही भांडला नाही. बरं वहिनी म्हणाला. जाताना गच्चीवरच्या पंपाबद्दल काहीतरी सांगत होता, सुरू होताना अडला तर कुठेशी हळूच ठोकायचं. माझं लक्ष त्याच्या हाताकडे. काळ्या हाताने त्याने माझा कठडा धरला होता. तो गेल्यावर कठडा पुसला.

मॉडेलने सांगितलं होतं जाईल, आणि गेला. पहिल्याच फटक्यात बरोबर.

१० सप्टेंबर

नर्स आणि चष्मेवाला दोघांना दम दिला. महिनाअखेरीला सातच्या खाली मार्क असतील तर सामान रस्त्यावर. नर्स रात्रपाळी करून आलेली, उभ्या उभ्या पेंगत होती. म्हणाली, मावशी, टकलू करून घेऊ का? मी म्हटलं, घे, मार्क वाढतील. चष्मेवाला हसला. त्याचा एक मार्क कापला.

हात धुऊन स्वयंपाकाला लागले. मांजर पुन्हा पिठाच्या डब्यावर झोपलेलं. उठवलं नाही. बिचारं कुणाला त्रास देत नाही.

१२ सप्टेंबर

देव पावला. रेडिओवाल्याच्या खोलीत नवा भाडेकरू. औषध कंपनीत आहे, गोळ्या तपासतो. बूट दाराबाहेर, त्यांची टोकं भिंतीकडे. अंघोळ करून आला तर बाथरूम कोरडं ठक्क! माझा विश्वास बसेना. आत जाऊन हाताने चाचपलं. टॉवेलची घडी अशी, जसं दुकानातून आत्ता आला. दहापैकी दहा. या घरात आजवर दहा कुणाला पडले नव्हते. मी त्याला टापटीप म्हणते.

मला तो बाई म्हणतो. मावशीबिवशी नाही. आवडलं.

एकच विचित्र. चहा नेऊन दिला तर म्हणाला, कप ठेवा, मी माझ्या कपात ओतून घेतो. ओतण्याआधी त्याने माझा कप उजेडाकडे धरून बघितला. कपाची नक्षी जुनी आहे, हल्ली मिळत नाही. तीच बघत असेल.

१५ सप्टेंबर

नर्स टोपी घालून अंघोळ करते. चष्मेवाला बाहेरून दाढी करून येतो. मार्क सात आणि सात. बँकवालीलाही सात देऊन टाकले. टॉवेल अजून दारावरच असतो, पण शिकवते म्हणून एक मार्क वाढवला.

आज तिला म्हटलं, आता सगळे स्वच्छांत आले. स्वच्छांतला दहात एक जातो. तर चौघं एकदम जाण्याची रिस्क किती? तिने कागदावर गुणाकार केला. दहा हजारात एक.

दहा हजारात एक! दोनदा वाचून घेतलं.

पण लगेच नाक खुपसलंन. म्हणे, हे चौघं एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच हं मावशी. मी म्हटलं, स्वतंत्रच आहेत, प्रत्येकाला वेगळी किल्ली दिलीय. कपाळाला हात लावला तिने. म्हणाली, तसं नाही, एकाच्या जाण्याचा दुसऱ्याच्या जाण्याशी संबंध नको. मी म्हटलं, अगं, ही माणसं एकमेकांशी बोलतसुद्धा नाहीत. एक झोपते तेव्हा दुसरा उठतो. चष्मेवाल्याला नर्सचं नाव माहीत नाही. म्हणाली, एरवी नसतोच संबंध. पण वाईट दिवस आला की सगळे एकाच दाराकडे पळतात.

तिचं हापिस तसं असेल. माझ्या घराला दार एकच आहे आणि तिथे मी बसलेली असते.

१६ सप्टेंबर

मुलाला फोन केला. म्हटलं, दलालाला कशाला त्रास देतोस, रिस्क दहा हजारात एक आहे.  तो म्हणाला, आई, तुला बरं वाटत नाहीये का?

मागून सुनेचा आवाज, काय झालं त्यांना?

कळेल म्हणावं महिनाअखेरीला.

१८ सप्टेंबर

बँकवालीने आणखी एक आकडा सांगितला. बँकेत रोज संध्याकाळी काढतात. उद्या जास्तीत जास्त किती नुकसान होईल, शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा याच्यापेक्षा जास्त नाही, असा. मी म्हटलं, आणि उरलेल्या एका वेळी? म्हणाली, ते हा आकडा सांगतच नाही. तिथे किती खोल खड्डा आहे हे बघायला दुसरे उपाय.

मी म्हटलं, उरलेल्या एकासाठी रडत कोण बसतं?

ती म्हणाली, नंतर सगळेच बसतात.

दुसरा उपाय म्हणजे स्ट्रेस टेस्ट. फार वाईट घडलं असं समजायचं आणि कागदावर बघायचं, बँक टिकते का.

कागदावर! ओलं न होता पोहायला शिकतात हे लोक. म्हणून तर बुडतात, तिनेच सांगितलं.

२० सप्टेंबर

ठरलं. माझी स्ट्रेस टेस्ट खरीखुरी होणार. एक सकाळ पाणी बंद. जो कुरकुर करील त्याला आत्ताच ओळखता येईल, मुलगा यायच्या आधी बदलता येईल. बँकवालीला सांगायचं नाही, ती परीक्षेला बसणाऱ्यांतली, तयारी करून ठेवील.

माझ्यापुरतं स्वयंपाकघरातलं पिंप आहेच. स्वयंपाकघरात कुणी पाय ठेवायचा नाही हा या घराचा पहिल्यापासूनचा नियम. ताटं मी दारात आणून देते. बाहेरची माणसं आत आली की घाण होते.

फडकं शोधत होते तर मांजराखाली निघालं. ओटा, ताटं, फरशी, सगळं त्याच एका फडक्याने पुसून घेतलं. हाताला बसलंय ते.

२१ सप्टेंबर, सकाळी सातला

पंप बंद केला, म्हणजे घरातले सगळे नळ बंद. खाली येऊन चहा घेत बसले. चाललंय एकदम मस्त.

तीच तारीख, दुपार

पंप सुरू होईना. घरघर करतो आणि गप्प बसतो. तो मेला रेडिओवाला कुठेशी ठोकायला सांगत होता. सगळीकडे ठोकून बघितलं. लाटण्याने ठोकलं, दगडाने ठोकलं. आता घरघरही बंद.

गच्चीवरून डोकावले तर जिन्यात चौघं. चार पायऱ्यांवर चार बादल्या उपड्या ठेवून त्यावर बसलेले. नर्सच्या केसांत अर्धा शाम्पू. टोपी घालायला विसरली होती वाटतं, बरी अद्दल घडली. चष्मेवाला तिला स्वतःची पाण्याची बाटली देतोय. बँकवाली बिस्किटाचा पुडा फिरवतेय. टापटीपने रुमाल अंथरून त्यावर बिस्किटं मांडलीत, सरळ रेघेत. आणि हसताहेत! नर्स म्हणाली, माझे चार मार्क होते, शाम्पू धरून आता किती? चष्मेवाला म्हणाला, मी तर हसलो म्हणून नापास. टापटीपने विचारलं, कसले मार्क? बँकवालीने सगळं सांगितलं. जिना दणाणून हसले मेले.

कुरकुर मात्र कुणी केली नाही. टेस्टमध्ये चौघेही पास. लिहून ठेवते.

तीच तारीख, संध्याकाळ

पंपवाल्याला बोलवायला गेले होते. परत येते तो स्वयंपाकघराचं दार सताड उघडं आणि चौघं उंबऱ्यात, मयताला जमल्यासारखे.

मी ओरडले, नियम काय आहे?

टापटीप पिंपाकडे बोट दाखवून म्हणाला, बाई, यात पाल आहे.

मी जाऊन बघितलं. होती. पण जिवंत होती, चांगली पोहत होती. मी म्हटलं, मेली असती तर मी बदललं असतं पाणी, एवढी काही मी हलगर्जी नाही. स्वयंपाकाला हेच पाणी वापरता का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, उकळतं ना ते!

नर्स तोंडावर हात दाबून मोरीकडे पळाली. नर्स! जी रात्रभर लोकांचं रक्त आणि पू पुसते ती! चष्मेवाला फडक्याकडे बघत होता. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा बघितलं. मांजर पिठाच्या डब्यावरून सगळ्यांकडे बघत होतं. त्यातल्या त्यात तेच शहाणं वाटलं.

 टापटीपने खिशातून पेन काढून तळहातावर काहीतरी लिहिलं. गोळ्या तपासायची सवय.

बाहेरची माणसं आत आली की हे असं होतं.

२३ सप्टेंबर

पंप सुरू झाला. ताटं चौघांनीही परत पाठवली. बाहेर जेवतात, एकत्र. येताना जिन्यात गप्पा. चष्मेवाल्याला आता नर्सचं नाव माहीत आहे, तेही लाडाचं.

हा काही संबंध नव्हे. एका टेबलावर जेवले म्हणून एकदम सोडून थोडेच जातील?

२५ सप्टेंबर

चौघांनी मिळून फ्लॅट भाड्याने घेतलाय, पलीकडच्या गल्लीत. एकाच वेळी चौघांनी सांगितलं, एकाच वाक्यात, कोण कुठला शब्द म्हणालं तेही कळलं नाही.

मी म्हटलं, हे होऊच शकत नाही, दहा हजारात एक आहे.

बँकवाली खाली बघत म्हणाली, मावशी, तुमची टेस्ट झाली नसती तर आम्ही एकमेकांशी कधी बोललोही नसतो.

म्हणजे दोष माझा! मी तिच्याकडून शिकले आणि दोष माझा!

पण एक आहे. मॉडेल चुकलेलं नाही. दहा हजारांत एकदा व्हायचं म्हणजे कधीतरी व्हायचंच ना, ते या महिन्यात झालं. नशीब फुटकं असेल तर त्याला आकडे काय करणार?

२७ सप्टेंबर

गेले. एकाच टेम्पोत चौघांचं सामान, वर चार बादल्या. टापटीप जायच्या आधी खोली झाडून, पुसून, खिडकीच्या काचासुद्धा पुसून गेला. शेवटपर्यंत दहापैकी दहा.

बँकवाली मागे राहिली होती. म्हणाली, राग मानू नका मावशी. मार्कच काढायचे होते, तर घराचेही काढायला हवे होते.

मी म्हटलं, घराचे कशाला? घर कुठे पळून जातंय?

  ती वाकून पाया पडली, आणि उठताना हात ओढणीला पुसलेन. बघितलं मी.

२८ सप्टेंबर

दारावर पाटी लावली, खोल्या भाड्याने. एक जण आला. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, जेवणाची सक्ती आहे का? बातमी फिरलीय. त्याच्या बुटाला चिखल होता, नाहीतरी मी ठेवलाच नसता.

मग विचार केला. त्या चौघांचा फ्लॅट मोठा असणार. नवीन संसार, घरात वडीलधारं माणूस हवं. गेले. फ्लॅट बरा आहे. मागची एक छोटी खोली रिकामीच आहे, मी उघडून बघितली. म्हटलं, तुमची अडचण होत असेल तर मी येऊन राहते, भाडंही देईन. सुनेकडे राहण्यापेक्षा हे बरं.

 चष्मेवाला म्हणाला, आम्ही बोलून कळवतो.

मला बसवून आत जाऊन बोलले. दार लावून. माझ्यासमोर ठेवलेला कप इतका स्वच्छ की चहाला चवच लागेना.

संध्याकाळी बँकवालीचा फोन आला. खोली आधीच कुणालातरी कबूल केलीय म्हणाली. मी विचारलं, कोणाला? म्हणाली, रेडिओवाल्या काकांना. पंप बघतील म्हणून.

फोन मीच ठेवला. तिथे बाथरूम एकच आहे. त्यांचं बेसिन आता बघण्यासारखं होईल.

३० सप्टेंबर

मुलगा आला, दलाल आला. दलालाने चारही खोल्या फिरून बघितल्या. भिंतींवर टकटक केलं. पंप चालू करायला सांगितला, झाला चालू. मी मुलाला समजावत होते की हिशोब बरोबर होता, फक्त गुणाकार आधी केला आणि माणसं एकमेकांना नंतर भेटली. तो ऐकत नव्हता, दलालाकडे बघत होता.

दलाल खूश. म्हणाला, काकू, हे फार चांगलं केलंत. घरात भाडेकरू बसलेले असते ना, तर कुणी हात लावला नसता. वर्षानुवर्षं पडून राहिलं असतं. रिकामं घर लगेच जातं. दोन गिऱ्हाइकं तर आत्ताच डोक्यात आहेत.

मुलाचा चेहरा उजळला. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, आई, तू सगळं सोपं करून टाकलंस.

असं तो कधी म्हणत नाही. लहानपणीसुद्धा म्हटलेलं आठवत नाही.  मी विचारलं, माझी ट्रंक त्या इस्त्रीच्या टेबलाखाली मावेल ना?

मोजून घेतो म्हणाला.